बाहेर उघडणारं दार

चौबळकाका कुणाकडेही वेळेवर पोचत, घंटी मात्र उशिरा वाजवत. मधला वेळ ते गच्चीवर असत. पूजा असो, बारसं असो, नाहीतर नुसतं कोजागरीचं दूध प्यायला बोलावलेलं असो, इमारतीत पाऊल टाकलं की हा गृहस्थ आधी सगळे जिने चढून वर जाणार, गच्चीचं दार उघडतंय का ते ढकलून बघणार, पुन्हा खाली उतरणार आणि मग यजमानांच्या दारात घामाघूम होऊन उभा राहणार. त्यांच्या बायको मालतीबाई तोवर आत येऊन बसलेल्या असत. कुणी विचारलंच तर त्या सांगत, "हे वर गेलेत. येतील." त्यात लाज नाही की सारवासारव नाही. नवरा चपला काढतोय, येईलच, असं एखादी बाई सांगेल, तितक्या सहज.

पहिली दोन-तीन वर्षं मीही सगळ्यांसारखी त्यांना हसले. आमच्या घरात त्यांचं नाव 'गच्चीवाले' असं होतं. पुढे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न एका दाराच्या बिजागरीवरून मोडायला आलं, तेव्हा मात्र मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले, आणि हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. ते पुढे येईलच.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. बदलापूरला पश्चिमेला बेलवलीत आमची सोसायटी नुकतीच उभी राहिली होती. तीन मजले, दर मजल्यावर चार घरं, नळाला एक दिवसाआड पाणी आणि खिडकीतून थेट भातशेती. मी तिथल्याच शाळेत गणित शिकवत होते. गणिताची बाई म्हणजे हिशेबाला चोख, असा समज करून घेऊन सगळ्यांनी मला सोसायटीची सेक्रेटरी केलं. सेक्रेटरी होणं म्हणजे फुकटचा मनस्ताप, हे मला नंतर कळलं, आणि त्यातला अर्धा मनस्ताप चौबळकाकांनी दिला.

ते पेशानं आर्किटेक्ट. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका कापडाच्या दुकानाच्या माथ्यावर त्यांचं ऑफिस होतं. अंगानं किरकोळ, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेन्सिली. आवाज हळू. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची सवय होती. मला वाटायचं, माणूस शिष्ट आहे. नंतर लक्षात आलं की ते पलीकडचं दार बघत असत.

ते राहायला आल्यावर पहिल्याच श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. काका नेहमीप्रमाणे वर जाऊन आले, तीर्थप्रसाद घेतला, आणि पाटावर बसलेल्या माझ्या सासूबाईंना अगदी अदबीनं विचारते झाले, "आजी, समजा आत्ता स्वयंपाकघरात भडका उडाला, तर तुम्ही आधी काय कराल?"

सासूबाईंनी डोळे मोठे केले. "आधी देव उचलीन."

"देव राहू द्यात," काका म्हणाले. "देव आपलं आपण बघतील. तुम्ही दार गाठायचं. आणि दाराशी थांबायचं नाही, सरळ खाली जायचं."

सत्यनारायणाच्या दिवशी भडक्याच्या गोष्टी. सासूबाई आठवडाभर धुमसत होत्या. "हा माणूस पुन्हा आला तर मी आतल्या खोलीतून बाहेर येणार नाही," असं त्यांनी मला बजावून ठेवलं. मात्र त्याच आठवड्यात दारामागे उभा करून ठेवलेला पलंगाचा मोडका लोखंडी सांगाडा त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकला. वर्षभर मी तेच सांगत होते, तर ऐकत नव्हत्या.

जिन्याच्या वळणावर कुणी सायकल लावली, की काका बेल वाजवून सांगत. कुणी कांद्याचं पोतं ठेवलं, की पुन्हा बेल. भांडत नसत. "एवढं उचलता का?" इतकंच म्हणत, आणि उचलेपर्यंत उभे राहत. ते उभं राहणं भांडणापेक्षा वाईट. लोक माझ्याकडे तक्रार आणत, "सबनीस बाई, याला आवरा." संध्याकाळी ते सोनिवलीच्या बाजूला फिरायला जात. तिथे नव्या इमारती उठत होत्या. अर्धवट बांधलेल्या जिन्यांवरून चढायचे, वर थोडा वेळ उभे राहायचे, उतरायचे. वॉचमन त्यांना ओळखायला लागले होते. त्यातल्या एकानं मला विचारलंही, "साहेबांना घर घ्यायचं हाय का? रोज येतान, पन भाव काय इचारीत नाय."

एकदा मला उल्हासनगरला कपाट घ्यायचं होतं. काकांची तिथे ओळख, म्हणून त्यांच्याबरोबर गेले. आधी ते ऑफिसात थांबले, कारण लखूशेठ नावाचे त्यांचे एक गिऱ्हाईक येऊन बसले होते. चांगला माणूस. आम्ही पोचल्या पोचल्या त्यांनी माझ्यासाठी दाल-पकवान मागवलं, नको म्हटलं तरी ऐकेनात. त्यांच्या जुन्या बराकीच्या जागेवर चार मजली इमारत उठायची होती आणि टेबलावर तिचा नकाशा पसरला होता.

"साईं, ये जिना इतना चौडा क्यूं?" लखूशेठ नकाशावर बोट ठेवून म्हणाले. "जिने में क्या रखा है? आदमी को ऊपरच जाने का है ना? दो फूट काटो, दुकान में डालो. दुकान का भाव आएगा, जिने का कौन देगा?"

"वर जायला तेवढा पुरेल, शेठ," काका म्हणाले. ते लखूशेठशीही मराठीतच बोलत. "वर माणूस एकेकटा जातो. खाली यायची वेळ येते तेव्हा सगळे एकदम येतात."

लखूशेठनी माझ्याकडे बघून मान हलवली. "देखो बहन, ऐसा आदमी है. भगवान का आदमी है, लेकिन धंदा डुबा देगा." त्यांनी नकाशाची गुंडाळी केली, काकांना प्रेमानं मिठी मारली आणि गेले. ते काम नंतर दुसऱ्या कुणी तरी केलं. अशी बरीच कामं गेली असावीत. घरी आल्यावर मालतीबाईंनी विचारलं, "गेलं का?" काका म्हणाले, "गेलं." त्या म्हणाल्या, "बरं, हात धुवून घ्या."

एवढ्यावर मी त्यांना तत्त्वाचा माणूस ठरवून मोकळी झाले असते. पण तत्त्वाच्या माणसाला आपल्या तत्त्वाचा थोडा तरी अभिमान असतो, आणि यांच्याकडे तो औषधालाही नव्हता. कुणी कौतुक केलं की ते कावरेबावरे होत, चोरी सापडल्यासारखे.

मग चोरांची आवई आली. पूर्वेला कुठे तरी दोन घरं फुटली म्हणे, आणि बदलापुरात सगळ्यांची झोप उडाली. आमच्या सभेत ठराव झाला, की जिन्याच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवायचं आणि रात्री त्याला कुलूप घालायचं. किल्ली सेक्रेटरीकडे. सगळ्यांचे हात वर, चौबळकाकांचा एकट्याचा खाली. ते उठून म्हणाले, "कुलूप नको. गेट घाला, आतून कडी घाला, पण कुलूप नको. आणि गेट बाहेरच्या बाजूला उघडू द्या." कुणी तरी मागून म्हणालं, "काका, चोरासाठी पायघड्यापण घालू का?" सभा हसली. मीही हसले. ठराव मंजूर झाला.

गेट बसलं. कुलूप लागलं. आणि रोज सकाळी ते कुलूप उघडलेल्या अवस्थेत माझ्या दाराच्या कडीला लटकलेलं सापडू लागलं. दुसरी किल्ली त्यांनी कुठून करून घेतली, देव जाणे. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझा पारा चढला. रविवारी दुपारी मी त्यांना घरी बोलावलं, समोर बसवलं आणि वर्गात आणते तो आवाज काढला. "काका, तुम्ही शिकलेले. तुम्हीच असं वागायचं म्हणजे मी इतरांना काय सांगायचं?"

ते ऐकून घेत होते. टेबलावर सहामाहीचे पेपर पडले होते. ते म्हणाले, "बाई, कागद आहे का एखादा?" मी उरलेली प्रश्नपत्रिका पुढे केली. त्यांनी ती उलटी केली आणि खिशातली पेन्सिल काढून भिंतीच्या दोन रेघा मारल्या, मध्ये फट ठेवली, फटीतून एक तिरकी रेघ काढली आणि तिच्या टोकापासून एक कमान.

"नकाशात आम्ही दार असं दाखवतो."

"पाव वर्तुळ," मी म्हटलं. सवयच ती.

"हो. हे पाव वर्तुळ भिंतीच्या या अंगाला काढलं, की दार बाहेर उघडतं. त्या अंगाला काढलं, की आत." पेन्सिल कमानीवर टेकवून ते म्हणाले, "एका मंगल कार्यालयाचं काम होतं माझ्याकडे. पहिल्या मजल्यावर हॉल, खाली दुकानं. मंजूर झालेल्या नकाशात दार बाहेरच उघडत होतं. नियमच आहे तसा. घरात चार माणसं असतात, ती मागे होतात आणि दार ओढतात. हॉलमध्ये चारशे असतात. चारशे माणसं मागे होत नाहीत."

गाव कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

"सुतार चौकट बसवत होता तेव्हा मालकाच्या आई आल्या. कामगारांसाठी पुरणपोळ्या करून आणल्या होत्या. मला एक हातात दिली आणि म्हणाल्या, 'बाळ, मंगलकार्याची जागा ही. दार बाहेर उघडलं की लक्ष्मी बाहेर जाते. आत उघडू दे.' माझ्या घरीही हेच मानतात. मी भिंतीवर कागद धरला, कमान खोडली आणि आतल्या बाजूला काढली. पोळी खात खातच काढली. एवढ्यानं काय होतंय, असंच वाटलं मला."

मी टेबलावरचे पेपर बाजूला सारले.

"पुढे तिथेच एका मुंजीला गेलो होतो. व्हिडिओवाल्याचा फोकस वरच्या झालरीला टेकला. खाली सगळं थर्माकोल. मंगलाष्टकं चालली होती म्हणून दार लोटून घेतलेलं. मी पहिला पोचलो दाराशी. माझंच दार, मला माहीत होतं की ते ओढायचं आहे. कडी माझ्या हातात होती, बाई. ओढायला हातभर जागा लागते. नुसती हातभर. तोवर मागून सगळे आले. बाहेरचे लोक वाचवायला म्हणून बाहेरून ढकलत होते, आतले आतून दाबत होते. मी ओरडत होतो, मागे व्हा, मागे व्हा. मागे कोण होणार? मागे आग होती."

पेन्सिल त्यांनी खाली ठेवली.

"माझ्या आणि दाराच्या मध्ये एक बाई सापडल्या होत्या. वयस्कर. कुणाकडच्या, मला माहीत नाही. त्या ओरडल्या नाहीत. मला म्हणाल्या, 'जरा सरकता का हो? मला श्वास घेता येत नाहीये.' बसमध्ये म्हणतात ना, तसं. पुन्हा म्हणाल्या, 'सरकता का जरा?' मला सरकता येत नव्हतं. मग त्या म्हणेनाशा झाल्या."

आचाऱ्यांनी खालच्या दुकानांच्या पत्र्यावर चढून बाजूच्या खिडकीचे गज उपटले आणि गर्दी तिकडे वळली. बाकी सगळे वाचले. "तिकडे गर्दी वळल्याबरोबर दार माझ्या हातात आपोआप उघडलं," काका म्हणाले. "इतकं हलकं होतं." पुढे चौकशी झाली, व्हिडिओवाल्यावर ठपका आला. दाराबद्दल त्यांना कुणी काही विचारलंच नाही. मालकाच्या आई त्यांच्या सांत्वनाला घरी येऊन गेल्या. लक्ष्मीची कृपा म्हणून तुम्ही वाचलात, असं म्हणाल्या.

मी उठून चहा ठेवला. त्या आठवड्यात मी कमिटी बोलावली आणि सांगितलं, की मी किल्ली सांभाळणार नाही, रात्री कुणाच्या पोटात दुखलं तर मला उठवायला येऊ नका, कुलूप काढा आणि आतून कडी बसवा. सगळ्यांना वाटलं, सेक्रेटरीबाईंचा नेहमीचा तोरा. गेटही बाहेर उघडेल असं फिरवून घेतलं. चोर काही आले नाहीत.

काकांच्या मुलीचं, शुभदाचं, लग्न ठरलं ते त्यानंतर तीन-चार वर्षांनी. अंबरनाथचे प्रधान, स्वतः कारखान्यात अधिकारी, मुलगा बँकेत. शुभदा वडिलांसारखीच हळू बोलणारी, पण हट्टाची. दोन्ही घरं खुश. प्रधानांनी अंबरनाथलाच कार्यालय ठरवलं, पत्रिका छापून आल्या, आणि मग चौबळकाका कार्यालय बघायला गेले. पुढचं सांगायला नकोच. आधी जिना, मग गच्ची, मग हॉलचं दार. दार आत उघडत होतं.

त्यांनी प्रधानांना निरोप पाठवला, की या हॉलमध्ये लग्न होणार नाही. प्रधान स्वतः आले. मी तिथेच होते, लाडवांच्या कळ्या पाडायला गेले होते. प्रधान आधी हसत हसत म्हणाले, "अहो, माझं आयुष्य कारखान्यात गेलं. आगीचं मला सांगताय?" मग त्यांचं हसणं कमी झालं. "मुहूर्ताला आता दुसरा हॉल मिळणार नाही. सगळ्या जगाची लग्नं तिथे होतात." काका एकच सांगत होते, नियम आहे, दार बाहेर उघडायला हवं. शेवटी प्रधान उठले. "चौबळ, मुलगी द्यायची नसेल तर तसं स्पष्ट सांगा. दाराचं निमित्त कशाला?"

शुभदा आत जाऊन बसली. मी काकांना स्वयंपाकघरात ओढून नेलं. "त्यांना सांगा काय झालं होतं ते. नाहीतर मी सांगते."

"नको," ते म्हणाले. "माझ्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात त्या बाई नकोत. त्यांना मी आणखी किती ठिकाणी नेऊ?"

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी रडूही आलं. एक मेलेली बाई एका जिवंत मुलीचं लग्न अडवून उभी होती, आणि हा माणूस दोघींपैकी कुणालाही दूर करू शकत नव्हता. तोड काढली ती मालतीबाईंनी. बाहेर येऊन त्या प्रधानांना म्हणाल्या, "लग्न तिथेच होईल. दारं दिवसभर उघडी राहतील आणि हे दाराशी उभे राहतील. चालेल ना?" प्रधानांना वाटलं, बाई चिडून बोलताहेत. त्या चिडून बोलत नव्हत्या.

लग्न मार्गशीर्षात. वारा असा की दाराला लावलेल्या विटा पोरांच्या पायांनी जरा सरकल्या, की फळी धाडकन आपटायची. काका सोवळं नेसून, उपरणं कमरेला खोचून, पाठीनं दाराची फळी दाबून उभे. येणारे पाहुणे त्यांनाच नमस्कार करत, "वा, स्वतः स्वागताला उभे का?" म्हणत. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, ते तिथेच. गुरुजींनी कन्यादानाला हाक मारली. पाटावर मालतीबाई एकट्या बसल्या होत्या आणि शेजारचा पाट रिकामा. गुरुजींनी पुन्हा हाक मारली. प्रधानांकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शुभदानं मान वर केली नाही.

मी दाराशी गेले. "काका, तिकडे खोळंबलेत."

"हो," ते म्हणाले. जागचे हलले नाहीत. कपाळाला घाम होता, एवढ्या थंडीत.

"मी धरते दार."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या खांद्यावरून पलीकडे न बघता माझ्या डोळ्यांत बघितलं. "सोडणार नाही?"

"नाही."

"कुणी काही म्हणालं तरी?"

"काका, मी गणित शिकवते. माझ्याशी हुज्जत घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही."

त्यांनी माझा हात धरून फळीवर ठेवला, माझी पाठ टेकली आहे ना ते बघितलं आणि मग गेले. पैठणी नेसून दाराला पाठ लावून मी उभी. थोड्याच वेळात एक काकू आल्या. "अहो ताई, लावून घ्या ना दार, समई विझतेय." मी नाही म्हटलं. एकजण म्हणाला, "मॅडम, बाहेर रिक्षांचा किती आवाज येतोय." त्यालाही नाही म्हटलं. आधी मला स्वतःचंच हसू येत होतं. मग मी हॉलभर नजर टाकली. शालू, मुंडावळ्या, लहान मुलं, चाकाच्या खुर्चीत कुणाचे तरी आजोबा, वर झगमगीत कापड आणि व्हिडिओवाल्याचा तो प्रखर दिवा. इतकी माणसं, आणि जायला हीच एक वाट. काका इतकी वर्षं प्रत्येक घरी, प्रत्येक समारंभात हेच बघत आले होते, आणि आम्ही त्यांना पेढा घ्या, पेढा घ्या करत होतो.

तिकडे मुलीच्या हातावर पाणी सोडताना काका माझ्याकडे बघत होते. गुरुजी म्हणाले, "यजमान, इकडे लक्ष द्या." त्यांनी खाली बघितलं आणि पुन्हा वर. शुभदा तेव्हा त्यांना काय म्हणाली, ते मला मालतीबाईंनी नंतर सांगितलं. ती म्हणाली, "बघा बाबा तुम्ही दाराकडे. मला चालेल." तसेच दाराकडे बघत बघत त्यांनी कन्यादान केलं. मी दार सोडलं नाही.

शुभदा पुण्याला गेली. लखूशेठसारखी जुनी माणसं होती तोवर काकांचं ऑफिस रडतखडत चाललं, मग बंद झालं. बेलवलीतली भातशेती हळूहळू दिसेनाशी झाली, तिथे बाल्कन्या आल्या. आम्ही ठाण्याला घर घेतलं. काकांना विसर पडायला लागलाय असं कानावर येई. आधी नावं गेली, मग रस्ते. जिने चढायची डॉक्टरांनी बंदी केली होती.

एका संक्रांतीला मी हळदीकुंकवासाठी जुन्या सोसायटीत गेले. दिवेलागण झाली होती. जिन्याच्या तोंडाशी गेट सताड उघडं होतं आणि चौबळकाका भिंतीला चिकटून उभे होते. डाव्या हातानं गेट धरलेलं. उजवा हात सावकाश, आतून बाहेर, आतून बाहेर हलत होता. जिन्यावर कुणी नव्हतं. ते अगदी हळू आवाजात बोलत होते, "या. घाई नको. पायरी बघून. मुलाचा हात धरा. या." मधूनच मान लववत होते, समोरून कुणी ओळखीचं गेल्यासारखे. मी गेटच्या आत आले, तरी त्यांनी मला ओळखलं नाही. मला बघून त्यांनी हातानं बाहेरची दिशा दाखवली, आणि का कोण जाणे, मी मुकाट्यानं त्यांच्या समोरून बाहेर जाऊन उभी राहिले.

मालतीबाई बाजूला पिशवी घेऊन थांबल्या होत्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "रोज येतो आम्ही या वेळेला. घाबरू नका." मग त्या काकांजवळ गेल्या आणि जेवण झालं का विचारावं, तसं विचारलं, "झाले का हो सगळे बाहेर?"

काकांनी वर जिन्याकडे बराच वेळ बघितलं.

"सगळे झाले," ते म्हणाले. "त्या एक बाई राहिल्यात."

"बरं," मालतीबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतला रुमाल काढून खालच्या पायरीवर पसरला, भिंतीशी सरकून बसल्या आणि मला म्हणाल्या, "बसा सबनीस बाई. वेळ लागतो."